भाडेकरारात त्याचीही एक ओळ हवी

मंडळी, सोलापुरात भाड्याचं घर बघायला गेलं की मालकांचे प्रश्न ठरलेले असतात. माणसं किती, नोकरी कुठं, घरात काय शिजवता, पाणी किती लागतं. कुत्र्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही, आणि भाडेकरूही आपणहून सांगत नाही. सामान आलं की मागच्या दारानं कुत्रं येतं आणि आठवडाभरात भांडण उभं राहतं. मी वकील आहे, अशी भांडणं माझ्याकडे नेहमी येतात. आज मला फक्त अशा घरांबद्दल बोलायचंय, जिथं प्राणी हौसेसाठी नाही, दिव्यांग माणसाच्या आधारासाठी पाळलेला आहे.

अंध माणसाला रस्ता पार करून देणारा कुत्रा. ऐकू न येणाऱ्या बाईला दारावरची बेल वाजल्याचं अंगाला नाक लावून कळवणारा कुत्रा. आणि तिसरं, ज्याच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय एखादा स्वमग्न मुलगा जिना उतरत नाही, ते घरचं गावठी कुत्रं. पद्धतशीर प्रशिक्षण घेतलेले कुत्रे आपल्या देशात फार थोडे आहेत. आपल्याकडे दिसतो तो हा तिसरा प्रकार. त्याच्याकडे प्रशिक्षणाचा कागद नसतो म्हणून लोक त्याला लाड समजतात. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि ते मी इथं स्पष्ट सांगते.

अमेरिकेत घरांमधल्या भेदभावाविरुद्धचा कायदा 1968 साली झाला आणि 1988 च्या दुरुस्तीनं त्यात दिव्यांग आले. त्याच्या नियमावलीत उदाहरणच दिलंय: इमारतीत प्राण्यांना बंदी असली, तरी अंध भाडेकरूला मार्गदर्शक कुत्रा नाकारणं बेकायदा. दुकानं आणि हॉटेलांसाठी तिथं 1990 चा वेगळा कायदा आहे आणि तो मुख्यतः प्रशिक्षित कुत्र्यापुरता आहे. राहत्या घरासाठी मात्र मानसिक आधार देणारा साधा प्राणीही तिथं धरला जात आला आहे. हे वाचून काही जण इंटरनेटवरून ‘आधाराचा प्राणी’ असल्याचं प्रमाणपत्र विकत घेतात आणि इथल्या मालकापुढं ठेवतात. कृपा करून पैसे घालवू नका. आपल्या कायद्यात त्या कागदाला जागा नाही.

मग आपल्याकडे काय आहे? 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यांत येते. ‘वाजवी सोय’, म्हणजे दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीनं राहता यावं म्हणून झेपतील असे बदल करून देणं, ही कल्पना त्यात आहे. 2021 साली विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं परीक्षेतल्या लेखनिकाच्या निमित्तानं ती ठामपणे मांडली. पण खासगी मालकानं आधाराचा प्राणी ठेवू द्यावा, असं कलम त्यात नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक सांगतं की सोसायटीला बहुमतानंसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीपुढं ते जरूर ठेवा. पण घरमालक ही वेगळी बाब आहे.

कारण आपला करार बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी, असा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे मुदत संपली की जागा सोडावी लागते, नाहीतर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते. मालकाला कारण सांगावं लागत नाही. म्हणजे कायद्याचं पुस्तक नाचवून मिळवलेलं घर वर्षाच्या आत हातचं जातं, आणि स्वमग्न मुलाला घर बदलणं किती जड जातं हे त्याच्या आईला विचारा.

म्हणून मी आग्रह धरते तो एकाच गोष्टीचा: प्राणी लपवू नका, करारात लिहून घ्या. त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तो केला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मालकाला सांगितलं की तोही कागदावर यायला तयार होतो.

आता मालकाचं भय. ते खोटं नसतं. आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. साठवलेल्या पाण्यातनं कुणी अंगण धुणार म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. तेव्हा लिहून द्या: घाण पिशवीत उचलू, अंगण आमच्या वाट्याच्या पाण्यातनं धुऊ. लिंगायत किंवा जैन मालक असेल तर मांसाचा प्रश्न येतो. कुत्रं पशुवैद्याच्या सल्ल्यानं नीट आखलेल्या शाकाहारी आहारावर राहू शकतं, त्यामुळे ‘घरात मांस शिजवणार नाही’ हे वचन देता येतं. मांजराच्या बाबतीत ते देऊ नका, मांजराला मांसातली द्रव्यं लागतातच. चावण्याची भीती असेल तर रेबीजच्या लसीचं कार्ड करारालाच जोडा आणि दरवर्षीची नोंद दाखवत जा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असेल तर त्याची प्रत लावा, सोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र. आजाराचा सगळा इतिहास मालकाला सांगायची गरज नाही.

पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर भाड्याच्या खोल्या, अशी घरं आहेत. मागाच्या खडखडाटात प्राणी शांत राहतो का, हे घर घेण्याआधी तासभर तिथं नेऊन बघा. पत्र्याची खोली असेल तर मी सरळ नको म्हणेन. आपल्या मे महिन्यात तिथं माणूस बसू शकत नाही, प्राणी तर दिवसभर कोंडलेला असतो.

एक अट मात्र जवळजवळ कुणीच घालत नाही. भाडेकरू दवाखान्यात दाखल झाला तर प्राण्याला कोण नेणार? नातेवाइकाचं किंवा शेजाऱ्याचं नाव आणि फोन करारात असू द्या, त्यांची सही घ्या. तसंच नूतनीकरण होणार नसेल तर मालकानं दोन महिने आधी लेखी कळवावं, हेही मागा. घर मिळेना म्हणून उपाशी राहील अशा जागी प्राणी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, आणि घाईत घर सोडणाऱ्या माणसावरच ती वेळ येते. अशा अटी घातलेल्या कराराच्या मसुद्याच्या मराठी प्रती बाहेर टेबलावर आहेत. तेलुगू आणि कन्नड भाषांतर करून द्यायला कुणी तयार असेल तर आत्ताच मला भेटा.