बाटलीला कळलं कसं?

श्रोतेहो, नमस्कार. लहान मुलांना गुरुत्वाकर्षण शिकवायचं म्हटलं की आपण फळ्यावर पृथ्वीचा गोल काढतो आणि व्याख्या घोकून घेतो. आज व्याख्या नको. पाण्याची प्लास्टिकची बाटली पुरे.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी शाळेत, दुसरीच्या वर्गात मी ही गंमत पाहिली. टीव्हीवर तरंगणारे अंतराळवीर पाहिलेला एक मुलगा म्हणाला, "बाई, तिथं वर पृथ्वी ओढतच नाही." बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी दाभण घेतलं, बाटलीला तळाजवळ भोक पाडलं, बोटानं दाबून धरत पाणी भरलं आणि अंगणात बाक मांडून त्यावर चढल्या. बोट काढलं, धार लागली. "आता बाटली सोडते. धारेचं काय होणार?" कोणी म्हणे जोरात उडणार, कोणी म्हणे तशीच राहणार. बाईंनी आधी हात वर करायला लावले. मगच बाटली सोडली.

"उदक बंद जालें!" सगळे एकदम कोकणीत ओरडले, म्हणजे पाणी बंद झालं. कुणाचा विश्वास बसेना. पुन्हा भरली, पुन्हा सोडली, पुन्हा धार बंद! एक चिमुरडी विचारते, "बाई, बाटलीला कळलं कसं, आपण पडतोय ते?" बाई गप्पच. मघाचा तोच मुलगा म्हणाला, "अगं, पाणी पण पडतंय ना! दोघं एकदम पडतात, मग ते बाहेर कसं येणार?"

वर अंतराळातही तेच घडतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर आहे, म्हणजे पणजीहून मुंबई सरळ रेषेत असेल साधारण तेवढंच. तिथं पृथ्वीची ओढ इथल्या जवळपास 90 टक्के असते. ओढ आहे, पुन्हा सांगतो, ओढ आहे! स्थानक आणि आतली माणसं एकदमच पडतात, पण ताशी 28,000 किलोमीटरच्या वेगानं पुढेही जातात, म्हणून पृथ्वीभोवती पडतच राहतात.

विज्ञान प्रदर्शनातल्या थर्माकोलच्या ग्रहमालेला, खरं सांगू, बक्षीस आईबाबांनाच द्यावं. रात्र त्यांनी जागवलेली असते.

असो. घरी करून बघा. बाटली खाली सोडा, मग वरही फेका. वर जातानाही धार थांबते! फक्त बूच काढून ठेवा, नाहीतर उभ्या बाटलीतूनही धार नीट येणार नाही, आणि ती का येत नाही, हा मुलांचा पुढचा प्रश्न असेल.