पान कुणासाठी अडवायचं?

(इंदूरमध्ये वेब डेव्हलपर मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, रिॲक्ट, म्हणजे वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, शिकलेला मुलगा सर्व्हर रेंडरिंगकडे, म्हणजे पान सर्व्हरवरच तयार करून पाठवण्याकडे, वळला की एक प्रश्न हमखास घेऊन येतो. ‘सर, ब्राउझरमध्ये पिकांचे भाव नीट दिसतात, पण व्ह्यू सोर्स करून सर्व्हरनं पाठवलेलं मूळ एचटीएमएल बघितलं तर नुसतं “लोड होत आहे” दिसतं.’ दिसणारच! त्यानं फेच, म्हणजे डेटा मागवणारा कॉल, टाकलेलं असतं यूजइफेक्टमध्ये, आणि यूजइफेक्ट हे पान ब्राउझरमध्ये आल्यावर चालणारं रिॲक्टचं फंक्शन, ते सर्व्हरवर चालतच नाही. सर्व्हरनं बघितलं, डेटा नाही. रिकामं पान धाडलं आणि मोकळा झाला. म्हणजे सर्व्हरचं बिल आपण भरायचं आणि राबायचं मात्र त्या बिचाऱ्या मोबाइलनं.

आपण सोयाबीनच्या भावाचं पान घेऊ. माळव्यात बसून दुसरं कुठलं घेणार? वर पिकाचं नाव, मग मंडीतले आजचे भाव, त्याखाली महिन्याभराचा आलेख आणि सगळ्यात शेवटी हवामान. समजा, भाव ४० मिलिसेकंदांत येतात, आलेख ३०० मध्ये आणि हवामान बाहेरच्या एपीआयकडून, म्हणजे दुसऱ्याच्या डेटा-सेवेकडून, ९०० मध्ये. बघणारा सांवेरकडच्या एखाद्या शेतात उभा आहे, रेंजच्या जेमतेम दोन काड्या. सर्व्हर मुंबईला. इंदूर-मुंबई हवाई अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद. उरलेला सगळा वेळ मोबाइल नेटवर्क खातं, आणि प्रत्येक फेरीला खातं. सर्व्हरच्या शेजारीच डेटाबेस असेल तर तिथली फेरी जवळजवळ फुकट. म्हणून डेटा आणायचं काम सर्व्हरवर करायचं.

पण ते करतानाही लोक घोळ घालतात. सर्व्हर कंपोनंटमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच चालणाऱ्या पानाच्या तुकड्यात, अवेट (‘उत्तर येईपर्यंत थांब’) लिहिता येतं, हे कळलं की एकाखाली एक तीन अवेट पडतात. ४०, ३०० आणि ९००, बेरीज १२४०. या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी रांग लावली. आधी तिन्ही कॉल सोडा आणि मग थांबा, काम ९०० मध्ये होतं. इथे एक खोच आहे. प्रॉमिस म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराचा वायदा. सगळे वायदे एकत्र बांधणारं प्रॉमिस डॉट ऑल वापरलंत आणि एकटं हवामान पडलं, तर भावही गेले. त्यापेक्षा प्रत्येकाचा निकाल वेगळा देणारं ऑलसेटल्ड बरं. आणि प्रॉमिस सुरू करून वाऱ्यावर सोडलंत, ते फसलं आणि पकडायला कॅच नाही, तर सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या, २०२० मध्ये आलेल्या १५ व्या आवृत्तीपासून अख्खी प्रोसेस कोसळते. एका शेतकऱ्याच्या हवामानापायी सगळ्यांचं पान बंद!

प्रॉमिसच्या बाबतीत मला राजवाड्याजवळच्या दुकानदाराचं ‘भिया, पाच मिनट’ आठवतं. माल येईल, किंवा ‘नाही मिळाला’ म्हणेल, दोन्ही चालतं. त्रास तिसऱ्याचा, पाच मिनटं संपतच नाहीत. म्हणून बाहेरच्या प्रत्येक कॉलला टाइमआउट लावा. हवामानाला दीड सेकंद पुष्कळ झाला.

तरी ९०० राहिलेच की! भाव ४० मध्ये हातात आलेत आणि आपण ते हवामानासाठी धरून बसलोय. माझं स्पष्ट मत आहे, ज्यासाठी माणूस आला ते दुय्यम गोष्टीपायी अडवू नये. २०२२ मध्ये रिॲक्ट १८ आलं आणि सस्पेन्स, म्हणजे डेटा येईपर्यंत तात्पुरता मजकूर दाखवणारं वेष्टण, सर्व्हरवर स्ट्रीमिंगसकट, म्हणजे पान तुकड्यातुकड्यानं पाठवत, चालू लागलं, ते याचसाठी. भाव बाहेर ठेवा. आलेख आणि हवामान वेगवेगळ्या सस्पेन्समध्ये गुंडाळा.

आत काय घडतं ते एकदा कर्ल हे कमांड लाइनचं साधन लावून डोळ्यांनी बघा. पहिल्या तुकड्यात भाव येतात, आणि हवामानाच्या जागी फॉलबॅक, म्हणजे तो तात्पुरता मजकूर, असतो, शेजारी आयडी असलेला एक रिकामा टेम्प्लेट टॅग. कनेक्शन उघडंच राहतं. हवामान आलं की त्याच रिस्पॉन्सच्या शेपटाला एक लपवलेला डिव्ह येतो आणि पाठोपाठ इवलीशी स्क्रिप्ट, जी तो डिव्ह उचलून त्या टेम्प्लेटच्या जागी बसवते. वेगळी रिक्वेस्ट नाही, ब्राउझरकडून दुसरी फेरी नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवाल्यांनी हिरमुसू नये, २०२३ च्या डॉटनेट ८ पासून ब्लेझर या त्यांच्या वेब फ्रेमवर्कमध्येही स्ट्रीम रेंडरिंग आहे. ब्लेझरचा खोडा वेगळा: प्रीरेंडर (पान आधी सर्व्हरवर तयार करणं) चालू असताना ऑनइनिशियलाइज्डएसिंक हे सुरुवातीचं फंक्शन दोनदा चालतं, एकदा प्रीरेंडरला आणि एकदा कंपोनंट इंटरॅक्टिव्ह होताना. आधीचा डेटा पर्सिस्टंट कंपोनंट स्टेटमध्ये जपला नाही, तर डेटाबेसला दोन हेलपाटे.

स्ट्रीमिंगची किंमत मात्र मोजावी लागते. पहिला तुकडा गेला म्हणजे ‘सगळं ठीक’ सांगणारा २०० हा स्टेटस कोडही गेला. नंतर कळलं की असं पीकच यादीत नाही, तर आता ‘सापडलं नाही’ सांगणारा ४०४ देता येत नाही, हेडरमधून रीडायरेक्टही करता येत नाही. म्हणून पीक आहे की नाही, लॉगिन आहे की नाही, हे निर्णय सस्पेन्सच्या आत कधीच ढकलू नका. त्यांच्यासाठी पान अडवायचं, बेलाशक अडवायचं. सस्पेन्सच्या आत काही फुटलंच, तर रिॲक्ट फॉलबॅक तसाच ठेवतं आणि ब्राउझरमध्ये पुन्हा प्रयत्न करतं. हवामानाला तेवढं पुरे.

आणि एवढं सगळं करून लाइव्हवर पान एकदमच येत असेल, तर रिॲक्टला शिव्या घालण्याआधी पुढे बसलेला एनजिनएक्स हा मधला प्रॉक्सी सर्व्हर बघा. त्याचं प्रॉक्सी बफरिंग मुळातच चालू असतं. तुकडे तो स्वतःच्या खिशात जमवत बसू शकतो. रिस्पॉन्सला एक्स-ॲक्सेल-बफरिंग हा हेडर ‘नो’ करून लावा, किंवा तेवढ्या रूटपुरतं बफरिंग बंद करा. लोकलवर, म्हणजे आपल्या स्वतःच्या मशीनवर, हा प्रकार दिसत नाही, कारण लोकलवर मध्ये एनजिनएक्स बहुधा नसतोच.