चोरीच्या सिनेमातला स्वतःचा माल

मित्रहो, ‘नोस्फेराटू’ आत्ताच पाहून झालाय, त्यामुळे त्याची गोष्ट पुन्हा सांगत नाही. एका खटल्यापासून सुरुवात करतो.

सिनेमा १९२२ चा, जर्मन मूकपट. ४ मार्चला बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या संगमरवरी दालनात त्याचा पहिला खेळ झाला. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ. कंपनी प्राना फिल्म, नाव आपल्या ‘प्राण’वरूनच घेतलेलं, कंपनीच्या आल्बिन ग्राऊ यांना गूढविद्येचा भारी नाद होता. पटकथा हेन्रिक गालेनची. कथा मात्र ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ची, आणि ती न विचारता घेतलेली. ड्रॅक्युला या रक्तपिपासू उमरावाचा ऑर्लोक केला, नायक हार्करचा हुटर केला, लंडनच्या जागी विस्बोर्ग नावाचं कल्पित जर्मन गाव आणलं. गंमत म्हणजे श्रेयनामावलीत मूळ कादंबरीचं नाव उघडउघड दिलं होतं! एवढा प्रामाणिक चोर विरळाच.

स्टोकर १९१२ मध्ये वारला होता. त्याची विधवा फ्लॉरेन्स हिनं दावा लावला. प्राना तोवर दिवाळखोरीत निघालेली, पहिल्याच सिनेमात. पैसे मिळायची आशा नाही म्हटल्यावर बाईंनी वेगळी मागणी केली: सगळ्या प्रती नष्ट करा. १९२५ मध्ये जर्मन न्यायालयानं तसा हुकूम दिला. तरी परदेशी गेलेल्या काही प्रती वाचल्या, आणि पुढे संशोधकांनी तुकडे जुळवून आज आपण पाहिला तो सिनेमा उभा केला. बाईंचं चुकलं असं मला मुळीच वाटत नाही. नवऱ्याची कादंबरी हे त्यांचं उत्पन्नाचं साधन होतं. पण आज आपण बोलायचंय ते पुढच्या गोष्टीवर. या सिनेमाचा जो प्रभाव गेली शंभर वर्षं टिकला, तो उचललेल्या भागाचा नाही. जे कादंबरीत नव्हतं, नेमकं तेच जगानं घेतलं.

शेवटच घ्या. पहाट होते, कोंबडा आरवतो, उन्हात ऑर्लोक विरून जातो. रक्तपिपासू उन्हानं मरतो हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण स्टोकरचा ड्रॅक्युला भर दिवसा लंडनमध्ये फिरतो. दिवसा त्याची शक्ती कमी होते, एवढंच. तो मरतो सुऱ्यांनी, त्यातली एक गुरख्यांची कुकरी, आणि तेही सूर्य मावळता मावळता. उन्हानं मारायची कल्पना या सिनेमाची. पुढच्या शेकडो सिनेमांनी ती जणू पुराणातून आल्यासारखी वापरली.

इथे एक तांत्रिक भानगड आहे. त्या काळच्या फिल्मवर रात्रीचं चित्रण नीट होत नसे, म्हणून रात्रीची दृश्यं दिवसाच घेत आणि प्रत निळ्या रंगात बुडवत. आज तुम्ही पाहिलेल्या प्रतीत तो निळा रंग आहे. मधली कित्येक वर्षं मात्र बिनरंगी काळ्या-पांढऱ्या प्रती फिरत होत्या. त्यात ऑर्लोक काखेत शवपेटी मारून लख्ख उन्हात गावातून हिंडतो, आणि शेवटी उन्हानंच मरतो! लोक हसायचे, आणि दोष बिचाऱ्या मुर्नाऊला.

दुसरी गोष्ट प्लेगची. कादंबरीत उंदीर आहेत, साथ नाही. सिनेमात जहाजातून उंदीर उतरतात, दारांवर खडूनं फुल्या पडतात, आणि खिडकीत उभ्या एलेनला, म्हणजे हुटरच्या बायकोला, अरुंद गल्लीतून एकामागून एक शवपेट्या येताना दिसतात. कादंबरी १८९७ ची, म्हणजे पुण्यात प्लेग आणि रँडचा खून झाला त्याच वर्षाची. उंदीर पडू लागले की पुढे काय, हे आपल्या पणज्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. १९२२ च्या बर्लिनकरालाही नको होतं. युद्ध संपून चारच वर्षं झालेली, वर १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची साथ. मुर्नाऊ स्वतः युद्धात वैमानिक होता. म्हणून इथला भुताचा बळी एकटी नायिका नाही, सगळं गाव आहे.

या उंदरांबद्दल एक अवघड गोष्ट बोलायला हवी. पूर्वेकडून आलेला परका, आकड्यासारखं नाक, समोरचं घर विकत घेतो, मागोमाग रोगराई. ज्यूद्वेष्ट्या व्यंगचित्रांत हे सगळं आधीपासून होतं, आणि १९४० मध्ये नाझींच्या प्रचारपटानं ज्यूंची तुलना थेट उंदरांच्या झुंडीशी केली. गालेन ज्यू होता, हुटरचा मालक क्नॉक याचं काम करणारा अलेक्झांडर ग्रानाखही ज्यू; दोघांनाही पुढे जर्मनी सोडावी लागली. म्हणून मला हा ज्यूद्वेष्टा सिनेमा वाटत नाही. पण ती चित्रं तिथे आहेत, आणि ती न दिसल्यासारखं करून रसग्रहण करता येत नाही.

आता सावली. ऑर्लोक जिना चढतो तेव्हा पडद्यावर तो नसतोच, भिंतीवर त्याची लांबलचक बोटं सरकत असतात. मग त्या हाताची सावली एलेनच्या छातीवर येते, मूठ आवळते आणि ती कळवळते. स्पर्श नाही, आवाज नाही. दोनच वर्षं आधीच्या ‘कॅलिगरी’ या जर्मन सिनेमात सावल्या पडद्यांवर रंगवल्या होत्या. मुर्नाऊ आणि छायालेखक फ्रिट्झ आर्नो वाग्नर कॅमेरा घेऊन बाहेर पडले: विस्मार, ल्युबेकची मिठाची कोठारं, स्लोवाकियातला ओरावाचा किल्ला. खऱ्या वाऱ्यात, खऱ्या गल्लीत भूत उभं केलं की रंगवलेल्या नेपथ्यापेक्षा ते जास्त अंगावर येतं, असं माझं मत. जंगलातून गाडी जाते तिथे तर त्यांनी निगेटिव्हच दाखवली. झाडं पांढरी, आकाश काळं. खर्च जवळजवळ शून्य.

जर्मन प्रकाशयोजनेचा हा संस्कार आपल्याकडेही पोचला, मात्र या सिनेमातून पोचला असं मी म्हणणार नाही. ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी शांताराम जर्मनीला गेले होते. त्यानंतर १९३४ मध्ये प्रभातचा ‘अमृतमंथन’ आला, आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच जागेत केलेला. त्याच्या हिंदी आवृत्तीतला चंद्रमोहनचा पडदा व्यापणारा डोळा आठवा. मुंबईत जोसेफ विर्शिंग तर थेट म्युनिकहून आलेला; १९४९ च्या ‘महल’चा काळोख त्याच्या कॅमेऱ्यातला.

परत खटल्याकडे येतो. १९३१ मध्ये हॉलिवूडनं रीतसर हक्क घेऊन ‘ड्रॅक्युला’ काढला. बेला लुगोसीचा देखणा उमराव, झगा, तेल लावून बसवलेले केस. तो वंशही फोफावला. पण टक्कल, टोकदार कान, पुढचे दोन उंदरासारखे दात हा ऑर्लोक झालेल्या माक्स श्रेकचा अवतार वेगळाच राहिला. १९७९ मध्ये जर्मन दिग्दर्शक हेर्झोगनं हा सिनेमा नव्यानं केला, तेव्हा कादंबरीचे हक्क संपले होते. त्यानं ड्रॅक्युला हे नाव परत आणलं, पण चेहरा श्रेकचा ठेवला, उंदीर ठेवले, पहाटही ठेवली. २०२४ मध्ये अमेरिकी दिग्दर्शक रॉबर्ट एगर्सनं तर नावही बदललं नाही. ड्रॅक्युला फुकट उपलब्ध असताना, चोरी झाकायला ठेवलेलं ऑर्लोक हेच नाव त्यानं घेतलं.