नारायण विनायक जगताप कोण?

(दृश्य: गांधीसागर तलाव, संध्याकाळ. समोर रमण विज्ञान केंद्र.)

बर्डीवर, ऑटोत हिंदी आणि उंबरठ्याच्या आत मराठी, ही आपली नागपूरची रीत. खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांचं बालपणही असंच गेलं, फक्त गाव बनारस होतं. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८चा. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार. शाळा हिंदी माध्यमाची. मराठी कानावर पडायची ती घरातच.

पुढे केंब्रिज. गणिताच्या परीक्षेत अव्वल क्रमांक, मग ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन. १९६४ साली दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला, आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नारळीकर पद्मभूषण झाले. विश्वाची सुरुवात महास्फोटातून झाली, हे त्यांना कधीच पटलं नाही. बहुतेक शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला होते, तरी ते शेवटपर्यंत आपलं गणित मांडत राहिले. हा त्यांचा स्वभाव ध्यानात ठेवू या.

१९७२ साली ते भारतात परतले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. एकदा अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणं भाषण चाललं होतं. नारळीकरांनी समोरचा कागद ओढला आणि गोष्ट लिहायला घेतली. कृष्णविवराची गोष्ट, मराठीत.

मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा होती. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं: नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज.! अक्षरही कुणी ओळखू नये, म्हणून पत्नी मंगलाताईंनी कथा स्वतःच्या हातानं उतरवून दिली. त्या स्वतः गणितज्ञ. १९७४च्या त्या स्पर्धेत जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.

मला हा प्रसंग पद्मभूषणाहून मोठा वाटतो. प्रयोगात निरीक्षकाचा पूर्वग्रह शिरू नये म्हणून शास्त्रज्ञ जी काळजी घेतो, तीच त्यांनी गोष्टीसाठी घेतली.

मग कादंबऱ्या आल्या. 'प्रेषित', 'व्हायरस', 'वामन परत न आला'. या शेवटच्या कादंबरीत जमिनीच्या पोटातून एक पुरातन पेटी निघते. तिच्यात लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचं ज्ञान असतं, आणि त्या ज्ञानातून माणूस यंत्रमानव घडवतो. वामनानं तीन पावलं मागितली आणि बळीचं सगळं गेलं, ही गोष्ट आजीच्या मांडीवर ऐकलेल्या वाचकाला नावातच धोका कळतो. विज्ञानकथा मराठी मातीतली कशी होते, ते इथे दिसतं.

लेखक झाले म्हणून विज्ञान सुटलं नाही. १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, तिचे ते संस्थापक संचालक. २०१४ साली 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद एका वैज्ञानिकाकडे आलं.

(दृश्य: तारांगणातून बाहेर पडणारी शाळकरी मुलं.)

२० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले. मुलं सही मागायला आली की ते वहीत सही करत नसत. म्हणत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव. मी उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल.

आणि ते उत्तर पाठवत.