कानांनी पाहिलेली खोली

नमस्कार, श्रोतेहो. अंथरुणाला खिळलेली एक बाई. रात्रीची वेळ, घरात दुसरं कुणी नाही, उशाशी टेलिफोन. नवऱ्याच्या ऑफिसचा नंबर सारखा एंगेज लागतो, म्हणून ती ऑपरेटरला लावून द्यायला सांगते. आणि लागतं ते क्रॉस कनेक्शन! दोन अनोळखी पुरुष त्याच रात्री सव्वाअकराला करायच्या एका खुनाचं बोलताना तिला ऐकू येतात. वेळ सव्वाअकराचीच, कारण तेव्हा पुलावरून आगगाडी जाते आणि तिच्या खडखडाटात किंकाळी बुडून जाईल.

हे लुसील फ्लेचर यांचं नभोनाट्य, 'सॉरी, राँग नंबर'. अमेरिकेत सीबीएसच्या 'सस्पेन्स' मालिकेत ते २५ मे १९४३ रोजी पहिल्यांदा झालं. मुख्य आवाज अ‍ॅग्नेस मूरहेड यांचा.

नभोनाट्य करणाऱ्यांनी यातून एक गोष्ट जरूर उचलावी. बाईचा आवाज भरीव, खोलीतला. पलीकडून बोलणारे ऑपरेटर, पोलीस, सगळे फिल्टरमधून, म्हणजे आवाजाचा काही भाग कापणाऱ्या यंत्रातून आलेले. टेलिफोनच्या लाईनवरून आवाजाच्या कंपनांचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपनं) एवढाच पट्टा जातो. खालचे, जाड सूर कापले की आवाजाची छाती जाते, वरचे, बारीक सूर कापले की 'स', 'श' बोथट होतात. बोलणं कळतं, माणूस मात्र लांब गेलेला वाटतो. त्यामुळे श्रोता आपोआप त्या पलंगाशी येऊन बसतो. दोन्ही बाजू सारख्याच भरीव ठेवल्या, तर आपण कुणाच्या घरात आहोत हेच कळत नाही. फिल्टर जास्त आवळला, तर शब्द हरवतात आणि खुनाची वेळच कानातून निसटते.

दुसरी चूक अभिनयाची होते. पहिल्याच मिनिटाला घाबरलं, तर शेवटासाठी काही उरत नाही. मूरहेड सुरुवातीला नुसत्या चिडक्या, हुकूम सोडणाऱ्या वाटतात. पोलीस तिच्याकडे लक्ष देत नाहीत, ते या तुसडेपणामुळे पटतं. भीती मागाहून, श्वासातून चढत जाते.

कार्यक्रम थेट होता, रीटेक नाही. पहिल्या प्रक्षेपणात अगदी शेवटी एका नटाचा क्यू, म्हणजे बोलायची नेमकी वेळ, चुकला आणि बाईचं नेमकं काय झालं, हे श्रोत्यांना धड कळलं नाही. पुढे हे नाटक मूरहेड यांच्याच आवाजात पुन्हा पुन्हा झालं.

१९४८ साली पॅरामाऊंटने त्यावर चित्रपट काढला. दिग्दर्शक अनातोल लिटवाक, पटकथा खुद्द फ्लेचर यांची, नायिका बार्बरा स्टॅनविक, नवरा बर्ट लँकेस्टर. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाचे ८९ मिनिटं करायचे, तर भर घालावीच लागते. प्रत्येक फोनबरोबर एक फ्लॅशबॅक उघडतो, कधी फ्लॅशबॅकच्या पोटात आणखी एक. सासऱ्याच्या औषध कंपनीतून जावई माल चोरतो, गुंडांच्या तावडीत सापडतो, असा सगळा खुलासा होतो. कारणं समजली, पण घड्याळ मागे पडलं. मधला भाग मला सैल वाटतो तो यामुळेच. स्टॅनविक मात्र पलंगावरूनच सिनेमा तोलून धरतात. त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं ते उगीच नाही. छायाचित्रकार सोल पोलिटो यांचा कॅमेरा तिला सोडून घरात फिरू लागतो, तेव्हा ती उठू शकत नाही हे आपल्याला जास्तच टोचतं.

शेवट दोन्हीकडे फोनवरच आहे. चित्रपटात पलीकडे नवरा असतो. रेडिओवर असतो पोलीस, फिल्टरमधून बोलणारा. त्याला उत्तर देणारा पुरुषाचा आवाज मात्र भरीव, अगदी जवळचा, कारण आपले कान अजून त्या पलंगापाशीच आहेत. राँग नंबर म्हणून तो माफी मागतो आणि रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज येतो.