गाडी मोठी, नोझल मुठीएवढं

सकाळचे सात वाजलेत. गल्लीच्या तोंडाशी जेटिंगची, म्हणजे जोराच्या पाण्याने गटारं साफ करणारी, गाडी लागली आहे. येणारे-जाणारे गाडीकडे बघतायत. आपण बघू या होजच्या, म्हणजे पाण्याच्या नळीच्या, टोकाकडे, मुठीत मावणाऱ्या या पोलादी नोझलकडे.

याच्या पाठीला गोलाकार सहा-आठ भोकं आहेत. पाणी मागे सुटतं, नोझल पुढे पळतं आणि होज ओढत नेतं. मिनिटाला 150 लिटर पाणी 150 बार (बार हे दाबाचं माप) दाबाने सुटलं, तर हा रेटा 44 किलोपर्यंत जातो.

मग भोकांचा कोन बघायचा. 15 अंशांचा असेल, तर जवळजवळ सगळा रेटा पुढे जायला मिळतो, म्हणून लांब लाइनीला हेच नोझल. 45 अंशांना तीस टक्क्यांच्या आसपास रेटा वाया जातो, पण पाणी पाइपाच्या भिंतीवर सपकन बसतं. हॉटेलांच्या गल्लीत साबणासारखी घट्ट झालेली चरबी यानेच सुटते. लाइन पूर्ण तुंबली असेल, तर पुढेही भोक असलेलं नोझल हवं. तळाला रेती बसली असेल, तर खालच्या बाजूला मारा करणारं जड, चपटं. झाडांच्या मुळांना फिरतं कटर लागतं, पण जुन्या चिनी मातीच्या पाइपात ते जपूनच घालावं. मुळांबरोबर पाइपही फुटायचा.

मशीन घेताना सगळे विचारतात, ‘किती बार?’ आमचं म्हणणं, त्याबरोबर ‘मिनिटाला किती लिटर?’ हेही विचारा. दाबाने गाळ सुटतो, पण तो वाहून न्यायला पाणीच लागतं. 150 मिलिमीटरच्या लाइनीत थोडक्या पाण्यावर भागतं. 600 मिलिमीटरच्या पाइपात तेवढंच पाणी सोडलं, तर सुटलेला गाळ चार हात पुढे जाऊन पुन्हा बसतो.

आता हे जुनं नोझल जवळून बघा. भोकाची कड घासून गुळगुळीत झाली आहे. दोन मिलिमीटरची भोकं झिजून 2.2 झाली, की पंप तेवढंच पाणी देत असला तरी 150 बारचा दाब शंभराच्या आसपास उतरतो. दोष मात्र पंपाला दिला जातो. बदलायचं असतं हे एवढंसं नोझल.

मोठ्या पाइपात नोझल उलटं फिरून चेंबरमधून बाहेर उसळू शकतं. म्हणून त्याच्यामागे ताठ नळी जोडतात, दोन्ही मिळून पाइपाच्या व्यासापेक्षा लांब भरतील अशी. या पाण्याची धार कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, आत मांस फाटलेलं असतं. अशा वेळी मलमपट्टी करत बसू नये, तडक हॉस्पिटल गाठावं.

चुकीचं नोझल अडलं, की कोणीतरी म्हणतं, ‘जरा उतरून बघ.’ आत विषारी वायू भरलेला असतो. 2013च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी आहे. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. तरीही माणसं उतरवली जातात, मरतात. योग्य नोझल गाडीत नव्हतं, एवढ्यासाठी कुणी जीव का द्यावा?

इथे होज उताराच्या खालच्या चेंबरमधून वर सोडलाय. ओढून घेताना आधी काळं पाणी येतं, मग करडं. सक्शनचा पाइप गाळ खेचतोय. चेंबरच्या कडेला दोघं उभे आहेत. दोघांचेही कपडे कोरडे आहेत.