दाराशी बसवलेलं रान

[काळा पडदा. वाऱ्याचा आवाज. हळूहळू उजेडात येणारा एक मातीचा चेहरा.]

तळहातावर मावेल एवढा चेहरा. उंची जेमतेम 8 सेंटीमीटर. जरा जवळून बघा. याला कातडी नाही. एकच लांब वळी फिरत फिरत गेली आहे आणि तिच्याच वळणांतून डोळे, नाक, तोंड तयार झालं आहे. ही आतडी आहेत. इसवी सनापूर्वी 1800 ते 1600 च्या दरम्यान, आजच्या इराकमधल्या सिप्पार नगरात, बळीच्या मेंढ्याची आतडी पाहून शकुन सांगणाऱ्या एका माणसाची ही वस्तू. आतडी अशी दिसली तर त्याचा अर्थ काय, हे तिच्या पाठीवर कीलाक्षरात, म्हणजे खिळ्यांच्या आकाराच्या जुन्या लिपीत, लिहिलेलं आहे.

हा चेहरा हुंबाबाचा. सीडर वृक्षांच्या, म्हणजे देवदाराच्या भाऊबंदांच्या अरण्याचा हा राखणदार. गिल्गामेश राजाच्या पराक्रमांचं जे प्राचीन महाकाव्य आहे, त्यात त्याची ओळख तीनच फटक्यांत होते: त्याची गर्जना म्हणजे पूर, तोंड म्हणजे आग, श्वास म्हणजे मरण.

[दृश्य: सपाट माळ, दूरवर डोंगरांची निळी रेघ.]

मेसोपोटेमियाची, म्हणजे प्राचीन इराकची, शहरं कालव्यांवर जगली. जिथवर पाटाचं पाणी, तिथवर माणसाचं राज्य. त्यापुढे 'एदिन', म्हणजे उघडा माळ. आणि त्याही पलीकडे 'कुर'. सुमेरी भाषेतल्या या एका शब्दाचे अर्थ तीन: डोंगर, परका मुलूख आणि मेलेल्यांचा मुलूख. मला हा शब्द फार बोलका वाटतो. डोंगराकडे बोट दाखवून त्याचं नाव घ्यायचं आणि त्याच नावात मरणही यायचं!

त्या बाजूने सिंह येत, धुळीची वादळं येत, लुटारू येत. पण सिंहाला भाला पुरतो. खरी धास्ती होती ती न दिसणाऱ्यांची. दुष्ट शक्तींना हाकलण्याचे मंत्र त्यांच्याबद्दल काय सांगतात ऐका. त्यांना बायको नाही, मूलबाळ नाही. ते अन्न खात नाहीत, पाणी पीत नाहीत. दारातून सापासारखे सरपटत येतात, बिजागरीतून वाऱ्यासारखे शिरतात. हे वर्णन राक्षसाचं असलं, तरी घरात जे जे असतं ते एकेक करून काढून घेतलं की असाच कोणीतरी उरतो. ज्याला घर नाही, तो घरात शिरू पाहतो.

[दृश्य: तेलाचा दिवा. बाळाच्या रडण्याचा आवाज.]

सगळ्यांत जास्त भीती लमाश्तूची. डोकं सिंहिणीचं, पाय पक्ष्याचे, दोन्ही मुठींत साप, छातीशी एकीकडे कुत्र्याचं पिल्लू, दुसरीकडे डुकराचं. बाळंतिणीवर आणि तान्ह्या बाळावर तिचा डोळा. ती आकाशदेव अनूची मुलगी, तिच्या दुष्टपणामुळे त्यानेच तिला खाली लोटलेली. ज्या काळात कितीतरी तान्ही मुलं कारण न कळता दगावत, त्या काळातल्या आईने त्या कारणाला एक नाव दिलं. तोंड दिलं. कारण तोंड असलेल्याशी बोलता तरी येतं.

तिच्यावरचा उपाय म्हणजे रीतसर बोळवण. तिची मूर्ती करायची, शिदोरी बांधायची, सोबत कंगवा द्यायचा, चाती द्यायची. ताइतांवर ती गाढवावर उभी दिसते, गाढव नावेत, नाव नदीत. जा बाई, आलीस तिकडे डोंगरात परत जा. तरीही गेली नाही, तर तिला हुसकायला आणखी एकाला उभं करायचं: पाझुझू. चार पंख, विंचवाची शेपटी. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या एका लहानशा कांस्यमूर्तीच्या पाठीवर तो स्वतःच सांगतो की मी पाझुझू, हान्बूचा मुलगा, दुष्ट वाऱ्यांचा राजा. म्हणजे हाही रानातलाच, हाही दुष्टच. पण बाळंतिणी याचंच डोकं गळ्यात बांधत, कारण लमाश्तूला हुसकावण्याची ताकद याच्यात होती.

इजिप्तमध्ये भीतीचा सूर निराळा दिसतो. बेनी हसनच्या सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या थडग्यांत वाळवंटातल्या शिकारीची चित्रं आहेत. हरणांच्या कळपाशेजारी तिथे एक पंखवाला प्राणी उभा आहे, हरणाइतकाच सहज.

[दृश्य: पाच लहान मातीचे कुत्रे, एका ओळीत.]

निनेव्ह, अश्शूर साम्राज्याची राजधानी. इसवी सनापूर्वी 645 च्या आसपास. राजा अशुरबनिपालच्या राजवाड्यातल्या एका दाराखाली हे पाच कुत्रे पुरलेले सापडले. प्रत्येकाच्या अंगावर त्याचं नाव कोरलेलं. 'वाईटाला हाकलणारा'. 'शत्रूला धरणारा'. 'वैऱ्याला चावणारा'. 'मोठ्या आवाजाचा'. आणि पाचवा, माझा सर्वांत लाडका: 'विचार करू नको, चाव!' बाहेर टनावारी वजनाचे दगडी पंखवाले बैल उभे करणाऱ्या साम्राज्याला उंबरठ्याखाली हे वीतभरही नसलेले राखणदार हवेसे वाटले.

[पुन्हा आतड्यांचा चेहरा.]

आणि हुंबाबा? तोही दारावर आला. इराकच्या उत्तरेकडे तेल अल-रिमाह इथल्या देवळाच्या प्रवेशापाशी दगडात त्याचं तोंड कोरलेलं आहे. रानातलं सगळ्यांत भयंकर तोंड आपल्या दाराशी, बाहेर बघत.

2011 मध्ये इराकमधल्या सुलेमानिया संग्रहालयाने मातीची एक फुटकी पाटी विकत घेतली. गिल्गामेशच्या महाकाव्यातल्या तोपर्यंत हरवलेल्या ओळी तिच्यावर होत्या. त्यांत अरण्य भयाण नाही. पक्षी एकमेकांना साद घालतात, रातकिडे किरकिरतात, माकडं ओरडतात, आणि हा सगळा गलका रोज हुंबाबापुढे राजासमोरच्या वाद्यांसारखा वाजतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं अरण्यानीचं सूक्त इथे आठवल्याशिवाय राहत नाही. संध्याकाळी रानात थांबलेल्याला वाटतं, कोणी गाईला हाक मारतंय, कोणी लाकूड तोडतंय, कोणीतरी किंचाळलं. आणि लगेच पुढे येतं की अरण्यानी कोणाला मारत नाही, दुसरा कोणी चालून आला नाही तर.

गिल्गामेश आणि त्याचा मित्र एन्किदू चालून गेले. त्यांनी हुंबाबाला मारलं, झाडं पाडली. मग त्या पाटीवर एन्किदू म्हणतो, मित्रा, आपण अरण्याचं ओसाड माळरान करून टाकलं. हुंबाबाला राखणीला ठेवणाऱ्या एन्लिल देवाला निप्पूर नगरात काय उत्तर द्यायचं? उत्तर म्हणून ते सगळ्यांत उंच झाडाचं दार घडवतात. 72 हात उंच, 24 हात रुंद, एन्लिलच्या देवळासाठी.

[दृश्य: लाकडाचा पोत. कॅमेरा अगदी जवळ.]

पुढे देव ठरवतात की दोघांपैकी एकाने मरायचं. एन्किदू अंथरुणाला खिळतो. तापात तो डोळे वर करतो आणि त्या दाराशी बोलू लागतो, एखाद्या माणसाशी बोलावं तसा. रानातल्या लाकडाच्या दारा, हे तुझ्यापायी होणार हे मला ठाऊक असतं, तर मी कुऱ्हाड उचलून तुलाच तोडलं असतं.